हलकी क्राफ्ट बिअर चाखायची आणि पारखायची कशी: गोव्यातल्या नवख्यांसाठी

स्टाउट किंवा आयपीएवर मत द्यायला फारसं कसब लागत नाही. भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेलं धान्य) नाहीतर हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) मारा इतका असतो की आवडली की नाही ते पहिल्या घोटातच कळतं. बनवताना काही बिनसलं असेल तर तेही त्या गदारोळात झाकलं जातं. ब्लॉन्ड एल, कोल्श, हेलेस, विटबिअर या हलक्या प्रकारांना असा आडोसा नसतो. पाणी, फिकट माल्ट, बेताचे हॉप्स आणि यीस्ट, एवढाच कारभार. त्यात जरा कुठे घसरलं की जिभेवर येतं. म्हणून एखाद्या ब्रूअरीची (बिअर बनवणाऱ्या कारखान्याची) खरी पारख करायची असेल तर तिची सगळ्यात साधी बिअर आधी मागवावी, असं माझं मत आहे.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. इथलं ऊन, इथला दमटपणा आणि दुकानातली साठवण. ब्रूअरीतून ठणठणीत बाहेर पडलेली बिअर ग्राहकाच्या हातात येईपर्यंत आजारी पडते आणि नाव ब्रूअरीचं खराब होतं. त्यामुळे दोन प्रश्न सतत डोक्यात ठेवा. ही बिअर लेबलवर जे म्हणते आहे, ते आतून आहे का? आणि नसेल, तर दोष ब्रूअरीचा, दुकानाचा, टॅपचा (बारमधल्या बिअरच्या नळाचा) की तुमच्या स्वतःच्या ग्लासचा? खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन प्रश्नांसाठीच आहेत.

हे सगळं २१ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी. गोव्यात दारू पिण्याचं कायदेशीर वय तेच आहे.

१. रंगावर जाऊ नका, लेबल वाचा

फिकट पिवळी दिसली की हलकी, हा पहिला गैरसमज. गोव्यातच लाटंबार्स्यात बनणाऱ्या माका दी या ब्रँडच्या कॅनांमध्ये बेल्जियन ब्लांश आणि बेल्जियन ट्रिपेल असे दोन प्रकार शेजारी शेजारी दिसतील. दोन्ही नावांत बेल्जियन आहे, दोन्ही सोनेरी-पिवळ्या कुळातल्या. पण ट्रिपेल या शैलीत अल्कोहोल साधारण ७.५ ते ९.५ टक्के असतो आणि ब्लांश म्हणजे विटबिअर, साधारण ४.५ ते ५.५ टक्क्यांची. ट्रिपेलला हलकी समजून दोन कॅन रिचवले की मग चाखणं बाजूलाच राहतं.

लेबलवर एबीव्हीचा, म्हणजे अल्कोहोलच्या टक्केवारीचा, आकडा असतो, तो बघा. भारतात ५ टक्क्यांपर्यंतची बिअर माइल्ड आणि त्यावर ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग धरतात. आपल्या कामासाठी ४ ते ५.५ टक्के हा पट्टा पुरे. काही कॅनवर आयबीयू दिलेला असतो, तो कडूपणाचा आकडा. तो प्रयोगशाळेतला असतो. माल्टचा गोडवा जास्त असेल तर २५ आयबीयूची बिअरही जिभेला कमी कडू लागते.

नवख्याला पुरतील एवढ्या शैली:

- विटबिअर. गढूळ, फिकट, धणे आणि संत्र्याच्या सालीचा वास. कडूपणा नावाला. ही शैली बेल्जियममध्ये जवळजवळ संपली होती, ती होगार्डन गावात पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये पुन्हा सुरू केली.
- वाइसबिअर. ही जर्मन गव्हाची. पिकलेलं केळं आणि लवंग, आणि दोन्ही वास यीस्टमधून येतात. आत ना केळं असतं ना लवंग.
- कोल्श. कोलोन शहराची. पारदर्शक, कोरडी, अगदी हलका फळाचा वास. तिथल्या ब्रूअर्यांनी १९८६ मध्ये आपसात करार करून हे नाव राखून ठेवलं, म्हणून इकडे बऱ्याचदा 'कोल्श स्टाइल' असं लिहिलेलं दिसतं.
- पिल्सनर आणि हेलेस. दोन्ही लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेल्या. पिल्सनरचा जन्म १८४२ चा, पिल्झेनचा. तिच्यात हॉप्स पुढे असतात आणि शेवट कोरडा-कडू होतो. म्युनिकच्या हेलेसमध्ये पावाच्या आतल्या मऊ भागासारखा माल्ट पुढे, कडूपणा मागे.
- ब्लॉन्ड एल. सगळ्यात सोपी, सगळ्यात गरीब. हिच्यात दोष लपवायला जागाच नाही.

२. सामान आणि कागदपत्रं

- एकाच आकाराचे काचेचे ग्लास, वर जरा निमुळते असतील तर उत्तम. वाइनचे लहान ग्लासही चालतात. स्टीलचे नकोत, प्लॅस्टिकचे तर नकोतच.
- साधं पाणी, फ्रिजमधलं नव्हे.
- पोदेराकडचा साधा पाव. पोय चालते, पण तिच्या कोंड्याचा वास माल्टच्या वासात मिसळतो, म्हणून मी टाळतो.
- वही, पेन आणि पांढरा कागद. रंग बघायला कागद ग्लासच्या मागे धरायचा.
- स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर सोन्याहून पिवळं.
- वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड किंवा वाहन परवाना. टॅपरूममध्ये (नळातून ताजी बिअर देणाऱ्या जागेत) विचारलं तर हुज्जत घालू नका.

काजूचे मसालेवाले गर, फरसाण, चोरीस-पाव, तळलेला बांगडा हा सगळा चखणा चाखणं आटोपल्यावर. चोरिसाचं व्हिनेगर तोंडात असताना बिअर आंबली आहे की नाही हे कुणाच्या बापाला कळणार नाही. एक गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे ओडोमॉस. संध्याकाळी अंगणात बसायचं म्हणून हाताला चोपडतात, मग तोच हात ग्लासाबरोबर नाकाजवळ जातो. अत्तर, अगरबत्ती, डासांची कॉइल, सगळं बंद.

३. खरेदी: इथेच अर्धी लढाई

गोव्यातल्या वाइन शॉपमध्ये क्राफ्टचे कॅन सहसा दोन ठिकाणी असतात. एक, दर्शनी कपाटात ओळीने मांडलेले. दोन, मागच्या फ्रिजमध्ये. दर्शनी कपाटातला कॅन घेऊ नका. "बाब, फ्रीजांतलें दी" म्हणा, कोणी वाईट वाटून घेत नाही.

कॅन हातात आला की उलटा करा. तळाला शाईने छापलेली तारीख आणि बॅच नंबर असतो. फ्रिजमधून काढल्या काढल्या आपल्या दमट हवेत कॅनला घाम सुटतो, शाईवर थेंब जमतात आणि आकडे पुसट दिसतात. अंगठ्याने थेंब हळूच टिपा, घासू नका. 'वापरण्याची अंतिम तारीख' बघून समाधान मानू नका, बनवल्याची तारीख शोधा. हलकी बिअर जितकी ताजी तितकी बरी. मी दोन-तीन महिन्यांच्या आतली मिळाली तरच तिला गुण देण्यासाठी घेतो. त्याहून जुनी असेल तर प्यायला ठीक, पारखायला नाही.

उष्णतेचं एवढं का घेऊन बसायचं? बिअरच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब सांगतात: ३२ अंशांवर ३ दिवस, २२ अंशांवर ३० दिवस, ३ अंशांवर ३०० दिवस. तिन्हींत बिअर साधारण तेवढीच शिळी होते. आता एप्रिल-मे महिन्यातलं म्हापशाचं बंद गोदाम डोळ्यांसमोर आणा.

याच्याच जोडीला एक दंतकथा. 'एकदा गार झालेली बिअर परत गरम झाली की मरते.' तसं नाही. वीज गेली, फ्रिज दोन तास बंद पडला, बिअर कोमट झाली आणि पुन्हा गार झाली, एवढ्याने काही बिघडत नाही. एकूण किती काळ उष्णतेत गेला, हिशेब त्याचा असतो. गार-गरम-गारचं भय बाळगणारी माणसं खुशाल महिनाभर कपाटात उभी असलेली बाटली घेऊन येतात, तेव्हा गंमत वाटते.

बाटली घेणार असाल तर तपकिरी काच निवडा. हिरवी आणि पारदर्शक काच प्रकाश अडवत नाही. कॅनला प्रकाशाची चिंताच नाही.

४. ग्लास

फेस बसत नाही म्हणून बिअरला नावं ठेवण्याआधी ग्लास तपासा. मासे तळणाऱ्या घरात ग्लासवर तेलाचा अदृश्य थर असतोच, आणि तेल फेसाचं वैरी आहे.

तपासणी सोपी. धुतलेला ग्लास आतून पाण्याने ओला करून उपडा धरा. पाणी अखंड पडद्यासारखं खाली आलं तर ग्लास स्वच्छ, थेंब-थेंब तुटलं तर तेलकट. दुसरी पद्धत: ओल्या ग्लासात आतून बारीक मीठ भुरभुरवा. सगळीकडे सारखं चिकटलं तर ठीक, कुठे टक्कल पडलं तर तिथे तेल आहे. ओतल्यावर ग्लासच्या कडेला बुडबुडे चिकटून बसले तरी तेच निदान.

साबण नीट निघेपर्यंत धुवा, फडक्याने पुसू नका, उपडे ठेवून वाळू द्या. काल ज्यात हुर्राक-लिंबू घेतलं ते ग्लास आज वापरू नका. काजूचा वास काचेला लागत नाही असं म्हणणाऱ्यांनी ग्लास हुंगून बघावा.

५. तापमान

बर्फाळ मग म्हणजे चवीवर पडदा. जीभ बधिर झाली की चांगलं-वाईट दोन्ही कळत नाही, आणि बिलंदर बारवाल्यांना ते सोयीचंच असतं. लागर ५ ते ७ अंशांवर, गव्हाची बिअर आणि ब्लॉन्ड एल ७ ते १० अंशांवर चाखा. थर्मामीटर नसेल तर फ्रिजमधून काढून पाच-सात मिनिटं थांबा. आपल्या हवेत ती तेवढ्यात वर येते. आणखी थोडी गरम हवी असेल तर ग्लास दोन्ही तळव्यांत धरा.

शेवटचा घोट मुद्दाम कोमट होऊ द्या. थंडीत दडलेला दोष तेव्हा बाहेर येतो.

६. चाखणं: नाक, डोळे, मग तोंड

साधारण ६० ते १०० मिली ओता. ग्लास आधी तिरका, मग सरळ. दोन बोटं फेस यायलाच हवा. फेसाला घाबरून कडेकडेने ओतणाऱ्यांच्या बिअरमधला वास बाहेर येतच नाही.

आधी नाक, कारण काही वास पहिल्या मिनिटात उडून जातात. ग्लास नाकाखालून एकदा नुसता फिरवा. मग दोन-तीन छोटे हुंगे. मग तळहाताने ग्लास झाका, हलकेच गोल फिरवा, हात काढा आणि एक लांब श्वास घ्या. जे सुचेल ते लगेच लिहा, पटो न पटो. धणे, पाव, लिंबाची साल, गवत, मध, उकडलेलं मक्याचं कणीस, काहीही. पहिला शब्द बहुधा बरोबर असतो, नंतर आपण विचार करून करून तो बिघडवतो.

मग डोळे. पांढऱ्या कागदासमोर रंग, पारदर्शकता, फेस किती टिकतो ते बघा. गढूळपणा विटबिअरमध्ये गुण, कोल्शमध्ये दोष. मात्र थंड असताना धूसर दिसणारी बिअर गरम होताना स्वच्छ झाली तर तो थंडीचा धुरळा आहे. दिसायला वाईट, चवीला निरुपद्रवी, त्याला अर्ध्या गुणापेक्षा जास्त शिक्षा नको.

मग तोंड. हलक्या बिअरचा घोट जरा मोठाच घ्या आणि गिळा. वाइनसारखं थुंकू नका, कडूपणाचा शेवट गिळल्यावरच कळतो. गिळल्या गिळल्या तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. अर्धी चव या परतीच्या वाटेवर सापडते. आता तीन गोष्टी बघा. गोड आणि कडू यांचा तोल कुठे झुकतो? बुडबुडे जिभेला टोचतात की गुदगुल्या करतात? मनात दहा आकडे मोजल्यावर तोंडात काय उरतं? चांगली हलकी बिअर स्वच्छ निघून जाते आणि पुढचा घोट मागते. चहाची पुडी चघळल्यासारखा तुरटपणा मागे राहिला तर तो लिहून ठेवा.

७. दोष ओळखायला शिका

नवख्या माणसाला 'काहीतरी चुकतंय' एवढं कळतं, पण नाव देता येत नाही. नाव देता आलं की दोष कोणाचा हेही बहुतेक वेळा कळतं.

*लोणी, बटर पॉपकॉर्न.* डायॲसिटिल. यीस्ट काम करताना ते तयार करतं आणि वेळ दिला तर स्वतःच शोषूनही घेतं. म्हणजे ब्रूअरीने घाई केली. पण ड्राफ्ट, म्हणजे टॅपमधून आलेल्या, बिअरमध्ये लोण्याबरोबर आंबूसपणाही असेल तर बहुधा टॅपची नळी घाण आहे. खात्री करायची असेल तर तीच बिअर कॅनमधून मागवा. कॅन स्वच्छ आणि टॅप लोणकट, तर निकाल लागला.

*उकडलेलं मक्याचं कणीस, शिजलेला कोबी.* याला डीएमएस म्हणतात. फिकट माल्टमध्ये याचं मूळ असतं आणि भांडं उघडं ठेवून जोरात उकळल्यावर ते वाफेबरोबर निघून जातं. म्हणून फिकट बिअरनाच याचा त्रास जास्त. काही लागरमध्ये पुसटसा चालतो, विटबिअरमध्ये नाही. दोष ब्रूअरीचा.

*हिरवं, कच्चं सफरचंद.* बिअर पोरसवदा असताना बाहेर काढली.

*दवाखान्यातली पट्टी, औषध.* पाण्यातलं किंवा साफसफाईच्या द्रावणातलं क्लोरीन. ब्रूअरीच.

*ओला पुठ्ठा, जुनी वही.* ऑक्सिजन आणि उष्णता. गोव्यात सगळ्यात जास्त भेटणारा दोष हाच, आणि बहुतेक वेळा साठवणीचा. दुसऱ्या दुकानातून ताजी बॅच घेऊन पुन्हा चाखल्याशिवाय ब्रूअरीवर खापर फोडू नका.

*जळकं रबर, उग्र गंधकी वास.* ऊन लागलेली बिअर. हॉप्समधली कडू द्रव्यं प्रकाशाने तुटतात आणि गंधकाच्या संयुगांशी जुळून हा वास तयार होतो. शॅकवर टेबल छत्रीबाहेर असेल तर ओतलेला ग्लाससुद्धा काही मिनिटांत असा होतो. तिथे ब्रूअरी, बारवाला दोघेही निर्दोष, खुर्ची सरकवा.

वाचून हे पाठ होत नाही, नाकाला दाखवावं लागतं. घरी दोन प्रयोग करा. पहिला: हिरव्या बाटलीतली कुठलीही लागर दोन ग्लासांत ओता, एक स्वयंपाकघरात ठेवा, दुसरा बाल्कनीच्या कठड्यावर भर उन्हात पंधरा-वीस मिनिटं. मग दोन्ही पुन्हा सारख्याच गार करून हुंगा. उन्हातल्याने नाक मुरडलं जातं. दुसरा: एकाच बॅचचे दोन कॅन आणा, एक फ्रिजमध्ये आणि दुसरा एप्रिल-मे महिन्यात माळ्यावर, महिनाभर. कॅनमध्ये प्रकाश शिरत नाही, म्हणजे यात जो फरक दिसेल तो निव्वळ उष्णतेचा. माळ्यावरचीत आधी हॉप्सचा वास गेलेला असतो, मग एक शिळा गोडवा येतो, आणि त्याच्या मागे पुठ्ठा. हे दोन प्रयोग केलेला माणूस पुन्हा कधी दर्शनी कपाटातला कॅन घेत नाही.

मक्यासाठी कणीस उकडलेलं पाणी चमचाभर बिअरच्या ग्लासात घाला. आंबलेपणासाठी माडीच्या व्हिनेगरचे दोन-चार थेंब. लोण्यासाठी बटर पॉपकॉर्नचं पाकीट फोडून नुसतं हुंगा.

८. गुण द्या, पण कोष्टकाने

जगभरच्या घरगुती बिअरच्या स्पर्धांत बीजेसीपी या संस्थेचा ५० गुणांचा तक्ता वापरतात. ही संस्था १९८५ पासूनची, अमेरिकेतली. विभागणी अशी: गंध १२, रूप ३, चव २०, तोंडातला भरीवपणा आणि बुडबुडे मिळून ५, एकूण मत १०. रूपाला फक्त ३ गुण आहेत हे लक्षात घ्या. इन्स्टावरच्या फोटोंनी आपली सवय नेमकी उलटी केली आहे.

४५ किंवा त्यावर गेली तर अप्रतिम, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ खूप चांगली, २१ ते २९ चांगली पण उणीव असलेली. त्याखाली ठळक दोष. नवखे लोक दोन टोकं पकडतात, ४८ नाहीतर १५. बहुतेक प्रामाणिक बिअर २८ ते ३८ मध्येच असतात.

नोंद कशी असावी, त्याचा नमुना:

> विटबिअर, कॅन, पाच आठवडे जुनी, ८ अंश. गंध: धणे लगेच, संत्र्याची साल मागून, गव्हाचा पिठूळ वास. गरम झाल्यावर पुसट मका. ८. रूप: गढूळ, फिकट, फेस पांढरा आणि टिकाऊ. ३. चव: सुरुवात छान, मधे धणे जरा साबणासारखे होतात, शेवट कोरडा. १३. भरीवपणा: बुडबुडे भरपूर, अंगाने हलकी. ४. एकूण: शैलीला धरून आहे, धणे कमी केले तर बरं. ६. बेरीज ३४.

यात 'मला आवडली' कुठेही नाही. तुम्हाला धणेच आवडत नसतील तर विटबिअरला त्यासाठी गुण कापायचे नाहीत. कापायचे ते धणे शैलीपेक्षा जास्त झाले म्हणून. आवड वेगळ्या ओळीत लिहा. लिहायलाच हवी, कारण पुढच्या वेळी पैसे तुमच्याच खिशातून जाणार आहेत.

कुठलीच शैली ओळखीची नसेल तर आधी एक नमुनेदार बिअर चाखून घ्या. विटसाठी होगार्डन सहज मिळते. लागरसाठी गोव्यातल्या जुन्या मंडळींना किंग्ज पिल्सनरची चव तोंडपाठ आहे. तिच्या शेजारी गोवा ब्रूइंग कंपनीची पीपल्स लागर ठेवून बघा. कोण सरस हे ठरवू नका, फरक कुठे आहे ते लिहा.

९. चारचौघांत चाखताना

आम्ही काही मित्र म्हापशात अधूनमधून यासाठी जमतो. तिथला एकच कडक नियम: वहीत लिहून होईपर्यंत तोंडातून अवाक्षर नाही. एकाने "अरे, केळं!" म्हटलं की पुढच्या पाच मिनिटांत सगळ्यांना केळंच लागतं, ज्याला लागत नाही तो गप्प बसतो. भुवया उंचावणंही बंद.

बिअर ओतणारा वेगळा असावा आणि कॅन वर्तमानपत्रात गुंडाळलेले. क्रम फिकट ते गडद असा न लावता सौम्य ते जोरकस लावा, कडू शेवटी. दोन नमुन्यांमध्ये पावाचा तुकडा आणि पाणी. एका बैठकीत चार-पाच नमुन्यांपुढे जाऊ नका, नाक थकतं. चार नमुने, प्रत्येकी १०० मिली आणि ४.५ टक्के धरले तर पोटात १८ मिली शुद्ध अल्कोहोल जातो, म्हणजे जवळजवळ एका मोठ्या कॅनइतका. चाखणं म्हटलं तरी ते पिणंच आहे.

फुशारकी मारणाऱ्या मित्राची परीक्षा घ्यायची असेल तर त्रिकोणी चाचणी लावा. तीन ग्लास, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही सरासरी तीनातून एकदा बरोबर येतं, म्हणून चार-पाच फेऱ्या घ्या. शांतता पसरते.

१०. टॅपरूममध्ये

सॅम्पलर (छोट्या ग्लासांचा संच) मागवा, पिंट (एक मोठा ग्लास) नको. सगळे ग्लास एकदम येतात आणि शेवटचा गरम होतो, म्हणून दोन-दोन आणायला सांगा. आज कुठली बिअर नवी लावली आणि नळ्या कधी धुतल्या हे विचारा. दर दोन आठवड्यांनी नळ्या धुणं ही चांगल्या ठिकाणची रीत. उत्तर चटकन आलं तर समजा जागा बरी आहे. दोष सापडला तर सौम्यपणे सांगा: "दादा, यात जरा लोण्यासारखं लागतंय, दुसऱ्या केगमधली बघता का?" ज्याला कामाची कदर आहे तो स्वतः चाखून बघतो. जो "ही अशीच असते" म्हणतो, तिथे पुढच्या वेळी खाऱ्या शेंगदाण्यांसाठी जा.

११. परतीची वाट

गाडी घरी ठेवा. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गोवामाइल्सची टॅक्सी आधीच ठरवा. पायलट (दुचाकी टॅक्सीवाला) संध्याकाळनंतर सहसा सापडत नाही आणि गावाकडच्या बसगाड्या लवकर बंद होतात. उरलेले कॅन घेऊन किनाऱ्यावर बसायचा बेत असेल तर तोही सोडा, तिथे उघड्यावर पिण्याला दंड आहे.

आणि सावंतवाडी-कुडाळकडच्यांसाठी खास: आवडलेले चार कॅन घरच्यांना दाखवायला पिशवीत टाकून निघू नका. गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे आणि इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते. न्यायचेच असतील तर अबकारी खात्याचा परवाना आधी काढा, बिल जवळ ठेवा, आणि कॅन डिकीत उन्हात तापू देऊ नका.